शाळाशाळांची तुलना करताना
(केंद्रातील शिक्षकांच्या सभेत दिलेले भाषण)



केंद्रातील शाळांचा तुलनात्मक तक्ता आज आपणांपुढे ठेवला आहे. तो पाहून काहींची मुद्रा उजळली, काहींनी मान खाली घातली. म्हणून त्या तक्त्याविषयीच बोलावे म्हणतो.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. तालुके अवघे आठ. परंतु वस्ती वाडीवाडीने विखुरलेली, आणि शाळाही तशाच. कित्येक शाळांचा पट विसांच्याही आत आहे. अशा शाळेत चौथीत चार मुले आहेत असे धरा. वाचनचाचणीच्या दिवशी एक मूल तापाने फणफणले आणि अडखळले, की निकाल शेकडा पंचविसांनी घसरला! चाळीस मुलांच्या वर्गात तेच एक मूल शेकडा अडीचचाच फरक पाडते. म्हणून यादीच्या माथ्यावर बहुधा लहान शाळा दिसतात आणि तळाशीही लहानच. पुढील वर्षी माथ्यावरची शाळा खाली आली तर गुरुजी आळसावले असे समजू नये. तळाची वर चढली तर तो आमच्या तपासणीचा प्रताप, असे आम्हीही मानू नये.

या चुकीतून मी स्वतः सुटलेलो नाही. एके वर्षी अशीच यादी मी भर सभेत वाचून दाखविली. शेवटच्या शाळेच्या बाई काही बोलल्या नाहीत. पुढे त्या शाळेत गेलो तेव्हा कळले, की वर्गात मुले तीनच. त्यांतील एकाला जूनमध्ये अक्षरओळखही नव्हती. चाचणीपर्यंत ते शब्द वाचू लागले होते. उतारा वाचता आला नाही, म्हणून तक्त्यात नापास! यादी मात्र गावात पोहोचली होती, आणि दोन पालकांनी मुलांचे दाखले काढून नेले होते.

तुलना टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. शेजारच्या शाळेत गणित चांगले शिकविले जात असेल तर तेथे एक दिवस जाऊन बसावे. यात कमीपणा कसला? परंतु शेकडेवारीशेजारी मुलांची संख्या लिहा, आणि तीन वर्षांची मुले एकत्र धरून निकाल काढा.

पुढील सभेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गाची जूनमधील व आजची वाचननोंद, मुलांच्या नावांसह, आणावी. यादी वाचली जाणार नाही.