नहरींच्या शहरात आपले स्वागत

गावोगावच्या पालिकांतून आलेले अभियंते, लेखाधिकारी, लोकप्रतिनिधी आणि मित्रहो,

छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. जलवाहिन्या, गटारे, रस्ते, पूल ही शहराची सार्वजनिक मत्ता नोंदवावी कशी आणि सांभाळावी कशी, यावर आपण या परिषदेत दोन दिवस विचार करणार आहात. या विषयाला आमच्यासारखे दुसरे गाव मिळाले नसते असे मी म्हणतो, आणि त्याला पुरावा आहे. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा आपण पाहालच. पण या शहराचे सर्वांत थोर बांधकाम जमिनीखाली आहे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी या गावाला, म्हणजे आजच्या या शहराला, राजधानीचे रूप दिले. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेलेला हा पुरुष. मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा सेनानी म्हणून इतिहास त्याला ओळखतो, महसुलाची घडी बसवणारा कारभारी म्हणूनही ओळखतो. भडकल दरवाजा त्याच्या विजयाची खूण म्हणून आजही उभा आहे. मला मात्र त्याची खरी थोरवी नहर-ए-अंबरीत दिसते. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारी नहरीत गोळा करायचे आणि मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर शहरातल्या हौदांपर्यंत आणायचे, ही त्याची योजना. याच विद्येवर पुढे आणखी नहरी निघाल्या. पाणचक्कीचे जाते अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरले. अंबर १६२६ साली वारला. खडकीचे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद झाले, राज्ये आली आणि गेली, तरी नहर विसाव्या शतकापर्यंत पाणी देत राहिली. बांधकाम पक्के होते म्हणून, एवढे उत्तर पुरत नाही. पक्की बांधकामे या दख्खनमध्ये पुष्कळ ढासळली आहेत. नहरीच्या वाटेवर जागोजाग माणूस आत उतरेल अशी तोंडे ठेवली होती. गाळ काढता येई, गळती शोधता येई. दुरुस्तीची सोय मूळ आराखड्यातच होती. ती तोंडे बुजली, वर घरे आणि रस्ते आले, घरात नळ आल्यावर नहर कोणाचीच जबाबदारी उरली नाही, आणि मग ती आटली.

यावर आक्षेप येतो की, ती छोट्या शहराची सोय होती. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेलेल्या शहराला त्यातून काय शिकायचे? आक्षेप रास्त आहे. नहरींवर आज शहर जगणार नाही. १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि आम्ही पैठणहून पाणी उपसून आणू लागलो, ते योग्यच झाले. परंतु त्या धरणाचा नाथसागर जलाशय भरलेला असतानाही आमच्या नळांना रोज पाणी येत नाही, ही गोष्ट धरणाच्या नव्हे, धरण ते नळ यांमधल्या मत्तेच्या अवस्थेची आहे. २०२० साली भूमिपूजन झालेली १,६८० कोटींची नवी पाणीयोजना पुढे २,७४० कोटींवर गेली. ती आम्हाला हवीच आहे. तिच्या प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद कोण ठेवणार, हेही आजच ठरलेले हवे.

दुसरा आक्षेप पैशाचा. नव्या कामाला अनुदान मिळते, देखभालीला मिळत नाही. मग पालिका काय करणार? अडचण खरी आहे, म्हणूनच नोंद आधी हवी. कार्यालयातली खुर्ची आणि कपाट जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतात, त्यांची दरवर्षी पडताळणी होते. रस्त्याखालची जलवाहिनी केव्हा टाकली, किती इंचांची, कोणत्या धातूची, हे मात्र अनेक गावांत जुन्या फिटरच्या स्मरणातच असते आणि त्याच्याबरोबर निवृत्त होते. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहितेने द्विनोंदी पद्धत, स्थिर मत्तेची नोंदवही आणि घसारा यांचा आग्रह धरला. घसारा लिहिला की दरवर्षी किती मत्ता झिजते ते सभागृहापुढे येते, आणि अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम मागायला आधार मिळतो. नोंदवहीला कोट्यवधी लागत नाहीत. सभागृहाची इच्छा आणि एक जबाबदार माणूस लागतो.

आता व्यवस्थेविषयी. निवास तीन ठिकाणी विखुरला आहे, ये-जा करताना आपल्याला त्रास होईल, पाणी ठरावीक वेळीच मिळेल, उकाडाही जाणवेल. या साऱ्या उणिवांबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी हात जोडून क्षमा मागतो. सभागृह विनामूल्य देणारे महाविद्यालय, भोजनाचा भार उचलणारे व्यापारी बांधव, वाहने देणारे उद्योजक, मंडप, ध्वनी आणि वीज सांभाळणारे कारागीर, स्वयंसेवक विद्यार्थी, आणि पालिकेचे सफाई कामगार, ज्यांच्यावाचून हे आवार इतके स्वच्छ दिसले नसते, त्या सर्वांचे ऋण मानतो. देणगीदारांची नावे स्मरणिकेत आहेत. एखादे राहिले असेल तर तो दोष समितीचा. जेवणात आमचा नान-खलिया आहे, शाकाहारी पंगत वेगळी आहे.

उद्या सकाळी पाणचक्कीकडे जाण्यासाठी बस ठेवली आहे, ती चुकवू नका. आणि परिषद संपण्यापूर्वी एक ठराव अवश्य करा: प्रत्येक नगरपालिकेने आपल्या जमिनीखालच्या मत्तेची नोंदवही वर्षभरात तयार करून सभागृहापुढे ठेवावी.