रुग्णाचा शब्द डॉक्टरांपर्यंत

(तळोजा येथे आदिवासी सेवाकार्यातील स्वयंसेवक आणि मंडळीतील हितचिंतक यांच्यासमोर केलेले भाषण)



आज आपण जिथे बसलो आहोत, तिथून खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचं केंद्र, अगदी जवळ आहे. परळचं टाटा हॉस्पिटल तर १९४१ पासून उभं आहे. या दोन्ही ठिकाणी बिहार, बंगालपासून लोक रेल्वेत रात्री काढून उपचाराला येतात. आपल्या पनवेल, कर्जत, खालापूरच्या वाड्यांवरचा माणूस त्या मानाने दारातच आहे. तरी तो उशिरा पोहोचतो. भाड्याचे पैसे, बुडणारी मजुरी, कागदपत्रं ही कारणं आपण नेहमी बोलतो आणि ती खरी आहेत. आज मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. माणूस डॉक्टरांसमोर पोहोचतो, पण त्याचं म्हणणं पोहोचत नाही. आणि कधी कधी ते आपल्यामुळेच अडतं.

माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका कातकरी बाबांना घेऊन मी दवाखान्यात जात असे. गालाच्या आतला कर्करोग, पुष्कळ पुढे गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं कसं आहे? गोळ्या वेळेवर घेता ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर रांग मोठी होती. मी चटकन म्हणाले, "हो डॉक्टर, घेतात. थोडं बरं आहे." डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं आणि आम्ही बाहेर आलो.

परतताना एसटी स्टँडवर बाबांच्या बायकोने पदराची गाठ सोडून दाखवली. आत गोळ्या होत्या, पुष्कळ. बाबा दिवसातून एकच गोळी घेत होते, तीही रात्री दुखणं असह्य झालं की. बाकीच्या साठवत होते. का? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं होतं, तिथे गोळ्या कोण देणार? बाबांचा हिशेब बरोबर होता. भट्टीचा हंगाम त्यांना माहीत होता, डॉक्टरांना नव्हता. त्यांना तो सांगायला हवा होता, आणि सांगायची वेळ आली तेव्हा बाबांच्या जागी मी बोलले. सहा आठवडे तो माणूस रात्री बसून काढत होता आणि कागदावर मात्र "बरं आहे" असं लिहिलं होतं. ते माझे शब्द होते.

पुढच्या खेपेला मी गप्प बसले. गोळ्यांची पुडी बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुम्हीच दाखवा." बाबांनी ती टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "भट्टीवर जायचंय." डॉक्टरांना सगळं समजलं. दुखण्याची गोळी दुखायला लागल्यावर नाही, तर घड्याळाप्रमाणे घ्यायची, हे त्यांनी नीट समजावलं. गोळ्या संपण्याआधी पुढच्या कशा मिळतील, तेही ठरवून दिलं. बाबांचा रोग बरा होणारा नव्हता. ते गेले. पण शेवटचे काही महिने ते रात्री झोपले.

तेव्हापासून मी वाडीवरच्या "हो" कडे लक्ष द्यायला शिकले. मोठ्या माणसापुढे आमचे लोक "हो, हो" म्हणतात. त्याचा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, "समजलं" असा नसतो. कातकऱ्यांची घरातली बोली वेगळी आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारने विशेष असुरक्षित मानल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या ज्याला ऑफिसात, ठाण्यात, सावकाराच्या ओट्यावर गप्प बसायला शिकवलं, तो दवाखान्यातच एकदम प्रश्न कसा विचारील?

शब्दही फसवतात. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" हे ऐकून एक कुटुंब आनंदाने घरी गेलेलं मी पाहिलं आहे. रेडिएशनला आपल्याकडे "शेक" म्हणतात. एका मावशीला वाटलं, शेकच द्यायचा तर विटेचा घरीही देता येईल, रोज एवढं लांब कशाला जायचं? ती अडाणी नव्हती. तिला जो शब्द मिळाला, त्याचा तिने सरळ अर्थ घेतला.

मार्कच्या शुभवर्तमानातला आंधळा बार्तीमय आठवा. तो यरीहोच्या वाटेवर ओरडत होता, आणि प्रभूबरोबर चालणारी गर्दी त्याला गप्प बसवत होती. प्रभू थांबला. त्याने त्याच गर्दीला सांगितलं, त्याला बोलवा. आणि तो समोर आल्यावर त्याला विचारलं, तुझ्यासाठी मी काय करावं असं तुला वाटतं? समोरचा आंधळा आहे हे दिसत नव्हतं का? तरीही प्रभूने त्याच्या तोंडून ऐकलं. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला मी या भागावर प्रवचन तयार केलं होतं. त्यात मी स्वतःला बार्तीमयाच्या जागी ठेवलं होतं. एसटी स्टँडवर त्या दिवशी कळलं की मी गर्दीत होते. पण समाधान एवढंच, की त्याच गर्दीला प्रभूने बोलवायचं काम दिलं.

तर आपण काय करायचं? मी जे करते ते सांगते.

जायच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या घरी, जमिनीवर बसून बोलायचं. "डॉक्टरांना काय विचारायचं आहे?" असं विचारलं तर उत्तर येत नाही. "रात्री काय विचार येतात?" असं विचारलं की येतं. त्यातले तीनच प्रश्न वहीत लिहायचे, सर्वांत महत्त्वाचा पहिला. वेळ थोडा असतो, म्हणून तो आधी विचारायचा.

चालू असलेली सगळी औषधं, रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून न्यायची. भगताने दिलेली मुळीही त्यात ठेवायची. मशेरी, तंबाखू, दारू सुटली नसेल तर तसं सांगायचं. इथे आपण, चर्चची माणसं, जरा जपून राहू या. आपण रागावू या भीतीने माणूस आपल्यापुढे खोटं बोलतो, आणि तेच खोटं डॉक्टरांपुढेही चालू राहतं.

दुखणं दहापैकी किती, हा प्रश्न वाडीवर चालत नाही. त्याऐवजी रोजच्या भाषेत सांगायला मदत करायची: भाकरी गिळते की फक्त पेज? रात्री किती वेळा उठावं लागतं? पाण्याचा हंडा उचलवतो का? हे ऐकून डॉक्टरांना बरंच कळतं.

दवाखान्यात खुर्ची रुग्णाला द्यायची, आपण मागे उभं राहायचं. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे. रुग्ण बोलला नाही तरच विचारायचं, "बाबा, मी सांगू का?" आणि निघण्याआधी नम्रपणे म्हणायचं, "डॉक्टर, आम्हाला काय समजलं ते बाबा सांगतील, चुकलं तर सुधारा." याला एक मिनिट लागतं. गर्दीतल्या डॉक्टरांनीही याला कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांच्यासमोर दिवसभर रांग असते, ते आपले शत्रू नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी विचारून, लिहून आणायची: घरी काय झालं तर थांबायचं नाही? केमो चालू असताना ताप १००.४ अंशांपर्यंत गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो, कारण अंगातली प्रतिकारशक्ती उतरलेली असते. वाडीवर तापाला कोणी मोजत नाही. म्हणून केमो घेणाऱ्या प्रत्येक घरात एक थर्मामीटर आणि वाहन असलेल्या एका माणसाचा फोन नंबर असायलाच हवा.

आता अवघड गोष्ट. नातेवाईक कानात सांगतात, "ताई, त्याला सांगू नका कसला आजार आहे." त्यामागे प्रेम असतं. पण बहुतेक वेळा रुग्णाने ओळखलेलं असतं, आणि मग तो एकट्यानेच ते ओझं वाहतो. मी आता परस्पर सांगतही नाही आणि लपवतही नाही. मी रुग्णाला विचारते, "डॉक्टर सगळं तुम्हाला सांगू दे, की घरच्यांना?" काही म्हणतात, मुलाला सांगा. काही म्हणतात, मला सांगा, मला मुलीचं लग्न बघायचं आहे. दोन्ही उत्तरं त्यांचीच आहेत.

हे मागताना आपण कुणाची मेहेरबानी मागत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत: आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं, संमती समजून देणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं. अंगठा उमटवण्याआधी "हे कशासाठी?" असं विचारता येतं. केसचे कागद मागितले तर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यावेत, असं २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. खर्चाची अडचण डॉक्टरांपासून लपवू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटावं.

आणि उपचार थकले, तरी बोलणं थांबू नये. १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा हॉस्पिटलचे सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते उभं केलं आणि सिस्टर्सनी तिथे सेवा केली. बरा न होणाऱ्या माणसालाही "तुला काय हवं आहे?" असं विचारणारी ती जागा आहे.

आपण दर तिमाहीला या कामासाठी देणगी देता, त्याबद्दल मनापासून आभार. आज मी महिन्यातला एक दिवस मागते आहे. वही घेऊन एका रुग्णाबरोबर जा, त्याच्या मागे उभे राहा. आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला, की प्रभूसाठी तेवढे दहा आकडे मोजा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.