केसपेपरच्या आधी



अध्यक्षाने पहिली पाच मिनिटे आभारात घालवायची असतात. ती वाचवतो, कारण आजचा विषयच मिनिटांचा आहे.

मराठी डॉक्टर कुंभकोणम्‌ला जमले की तंजावरच्या मराठी राजांची आठवण निघतेच. दुसऱ्या सरफोजींचा धन्वंतरी महाल, डोळ्यांच्या रोग्यांच्या त्यांनी ठेवलेल्या सचित्र नोंदी, हे सारे अभिमानाचेच. पण बालरोगतज्ज्ञाला या गावात १६ जुलै २००४ विसरता येत नाही. श्रीकृष्ण शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात आग लागली. वरच्या मजल्यावर शाकारलेल्या छपराखाली लहान मुलांचे वर्ग होते आणि खाली उतरायला अरुंद जिना. ९४ मुले गेली.

त्यांतली बहुतेक मुले कोणत्याही डॉक्टरपर्यंत जिवंत पोचलीच नाहीत. त्यामुळे ‘आपण असतो तर’ हा विचार मनात आणू नये. तो उद्दामपणा ठरेल. तिथे औषध हवे होते ते पक्क्या छपराचे आणि रुंद जिन्याचे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अविनाश मेहरोत्रा खटल्यात तेच सांगितले: सुरक्षित इमारतीत शिकणे हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, शाळेत अग्निशमनाची साधने हवीत आणि ती वापरायला कर्मचाऱ्यांना शिकवायला हवे. आपल्या मुलांच्या शाळेतले लाल नळकांडे कुणाला चालवता येते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

पण जी मुले पोचतात त्यांचे काय? तो हिशेब आपल्याकडे लागतो.

भाजलेल्या मुलाचाच घ्या. वजन २० किलो, भाजलेला भाग ३० टक्के. (हा भागसुद्धा मोठ्यांच्या नऊ-नऊच्या कोष्टकाने मोजू नये. मोठ्या माणसाचे डोके नऊ टक्के, वर्षाच्या बाळाचे जवळपास त्याच्या दुप्पट. त्या मुलाचाच बोटांसकट तळहात म्हणजे सुमारे एक टक्का, हे सोपे माप.) पार्कलँडच्या सूत्राने २४०० मिलिलिटर सलाईन, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे सर्वांना पाठ आहे. चूक होते ती घड्याळात. आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, आपल्या दारात आल्यापासून नव्हे. मूल तीन तासांनी आले असेल तर उरले पाच. म्हणजे ताशी १५० नव्हे, २४०. शिवाय रोजच्या गरजेचे पाणी वेगळे, आणि पुढचा वेग ठरवायचा तो लघवी पाहून. शीर सापडत नसेल तर चौथ्यांदा टोचत बसू नका. नडगीच्या हाडात सुई घाला. ती सुई कपाटात कुलूपबंद असते, ही आपली खरी अडचण.

हे झाले आत आल्यावर. दारात काय होते? बाप मुलाला खांद्यावर टाकून धावत येतो आणि त्याला आधी खिडकीशी केसपेपरच्या रांगेत उभे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतल्या रुग्णालयांसाठी आखलेली पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. आधी बघा, मग कागद. श्वास अडतो आहे का, हात गार पडले आहेत का, नखावर दाबून सोडले की रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का, झटका आला आहे का, हाक मारली तर बघतो का. एवढे पाहायला एमबीबीएस लागत नाही. दारावरचे मामा आणि मावशी हे शिकू शकतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले, तेव्हाही पुष्कळ भुवया उंचावल्या होत्या.

या खुणा सोडून आपण रक्तदाबावर फार विसंबतो. मूल रक्तदाब शेवटपर्यंत टिकवून धरते आणि मग एकदम कोसळते. आकडा चांगला दिसतो म्हणून थांबलेला डॉक्टर उशीर करून बसतो. उलट, हात गार म्हणून सगळ्यांनाच भराभर सलाईन ओतणेही बरे नव्हे. आफ्रिकेतल्या २०११ च्या ‘फीस्ट’ चाचणीत तापाने गंभीर झालेल्या मुलांत जलद सलाईन दिलेल्यांचेच मृत्यू जास्त झाले. कुपोषित मुलाला तर अधिकच जपून.

आता पुन्हा दाराकडे. तमिळनाडूत १०८ रुग्णवाहिका २००८ साली आली, आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ साली. गाडी आली, पण ती ज्या दाराशी थांबते तिथली सुधारणा मागेच राहिली. आणि आत ठेवलेले मूल तरी सुरक्षित असते का? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. शाळांना उपदेश करण्याआधी आपल्या वॉर्डाची वायरिंग तपासावी लागेल.

दुपारच्या सत्रात मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. सदस्यांच्या प्रत्येक रुग्णालयात दारावरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा गंभीर मूल ओळखण्याच्या वरच्या खुणांचे प्रशिक्षण द्यावे. आपत्कालीन ट्रॉलीला कुलूप नसावे आणि ती दर पाळीला सिस्टरनी तपासून सही करावी. आणि गंभीर मुलाचा केसपेपर उपचार सुरू झाल्यावरच काढावा. तिसऱ्या मुद्द्यावर हिशेबखात्याकडून हरकत येईल, याची मला खात्री आहे. तिचे उत्तर आपण आजच तयार ठेवू.