घट बसायच्या आधी पेटीतला कागद बघा

(वाशी तालुक्यातील महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून झालेले भाषण)



सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन नुकतंच झालं, आणि आता घराघरात घट बसायची तयारी चालू आहे. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. अंथरूण-पांघरूण धुवायचं, उतरंड खाली घ्यायची, माळवदाचा कोपरा न्‌ कोपरा झाडायचा. देवळीतलं, फडताळातलं, सासऱ्याच्या लोखंडी पेटीतलं जे जुनं पिवळं कागदपत्र निघतं, ते एक तर चुलीत जातं, नाही तर रद्दीवाल्याच्या तराजूत. आज मी त्या कागदांबद्दलच बोलणार आहे.

सगळे कागद ठेवा, असं मी म्हणत नाही. लाईटबिलं आणि लग्नपत्रिका किती साठवायच्या? सातबारा, फेरफार हे तर आपण जिवापाड जपतोच. मी बोलते आहे ते चळवळीच्या कागदांबद्दल. मोर्चाचं पत्रक, सभेचं भित्तिपत्रक, सत्याग्रहाची पावती, संघटनेचा बिल्ला, जलशाच्या गाण्यांची एक आण्याची चोपडी, हाताने फिरवायच्या यंत्रावर काढलेला सायक्लोस्टाइलचा अंक. हे कागद टिकावेत म्हणून कुणी छापलेच नव्हते. रविवारी सभा असेल, तर सोमवारी पत्रकाचं काम संपलं. कागद हलका, शाई स्वस्त. म्हणून हजार छापले तरी पन्नास वर्षांनी एकही हाती लागत नाही. भारी पुस्तक कुठल्या तरी ग्रंथालयात मिळतं, पण हँडबिल मिळत नाही. ज्याच्या-त्याच्या घरी होतं, तेच खरं दुर्मिळ होऊन बसतं.

तुम्ही म्हणाल, मिळालं नाही तर काय बिघडलं? काय बिघडतं ते सांगते.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर खटला झाला. तिने आपलं तान्हं मूल मारलं असा आरोप होता. गावोगावच्या छापखान्यांतून बायकांच्या जातीला दूषणं देणारे लेख निघाले. ते वाचून आपल्या शेजारच्या बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. दोष एकट्या बाईचाच कसा, असं विचारणारं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्या पुस्तकाची बाजू घेतली. आणि पुढे? पुढे ते पुस्तक लोकांच्या विस्मरणात गेलं. ताराबाई असं काही लिहून गेल्या, हे त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं. नव्वदेक वर्षांनी संशोधक स. गं. मालशे यांच्या हाती एक प्रत लागली आणि १९७५ साली त्यांनी ती पुन्हा छापून आणली. आज शाळा-कॉलेजात ताराबाई शिकवल्या जातात त्या त्यामुळे. ती प्रत कुणी चुलीत घातली असती तर ताराबाईंचं म्हणणं आपल्या कानावर आलंच नसतं.

तसंच मुक्ताबाईंचं. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजाची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक कुणीतरी बांधून ठेवले होते, म्हणून तिचं लिहिणं राहिलं. तिच्या बरोबरीच्या मुलींनीही पाटीवर काही लिहिलंच असेल. ते पुसलं गेलं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४८ च्या सतरा सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सभा घ्यायला परवानगी लागे, छापायला परवानगी लागे. बार्शी मात्र इंग्रजी मुलखात. त्यामुळे आपल्या लढ्याचा बराचसा कागद सरहद्दीच्या पलीकडे छापला गेला. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून काढलं. निजामाने बंदी घातली की नाव बदलून ते पुन्हा निघायचं. असा अंक घरात सापडणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. म्हणून लोक तो वाचायचे आणि जाळायचे. ज्या घरात एखादा उरला, त्या घराने तेव्हा जोखीम घेतली होती, एवढं लक्षात ठेवा.

त्या लढ्यात बाया कुठे होत्या? सरहद्दीवरच्या कॅम्पांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, जखमी माणसाला भुसाऱ्यात लपवणाऱ्या. पुढे १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. तेव्हा पुरावा मागितला गेला. तुरुंगात होता का? दाखला आणा. भूमिगत होता का? वॉरंटची नक्कल आणा. भाकरी थापल्याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो? ज्यांच्याजवळ कागद होता त्यांचं नाव यादीत आलं. बहुतेक बायांजवळ तो नव्हता. कागद नसला की माणूस पुसला जातो तो असा.

दुसरी गोष्ट नामांतराची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि नाव लागलं १९९४ च्या चौदा जानेवारीला. मधली सोळा वर्षं मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग. गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. घरं जळाली तेव्हा पेटीतले कागदही जळाले. तरी काही घरांत लाँग मार्चची पत्रकं, जेलमधून आलेली पोस्टकार्डं, बिल्ले अजून असतील. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचा इतिहास पुढे तिच्या संस्थापकांपैकी एक ज. वि. पवार यांनी लिहिला. चळवळीतली पत्रं आणि कागद त्यांनी जपून ठेवले होते, म्हणून तो एवढा तपशिलात लिहिता आला.

बाबासाहेबांच्या वर्तमानपत्रांचंही तसंच. १९२० चा ‘मूकनायक’ आणि १९२७ पासूनचा ‘बहिष्कृत भारत’ यांचे मिळाले ते अंक जमवून १९९० साली सरकारने पुन्हा छापले. संपादक होते वसंत मून. त्यांच्या पत्नी मीनाक्षी मून आणि लेखिका उर्मिला पवार यांनी आणखी एक काम केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायका कुठे आहेत, असा प्रश्न घेऊन त्या दोघी गावोगाव हिंडल्या. जुनी वर्तमानपत्रं चाळली, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचं पुस्तक निघालं. पुस्तकाचं नावच बघा ना! इतिहास घडवणं आणि तो लिहून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपण केलं, दुसरं राहून गेलं.

आणि तुमच्यापैकी काहींना हे आठवत असेल. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. ट्रकमधून, एसटीने, मिळेल त्या वाहनाने बाया गेल्या. कुणाच्या सासूचा लाल बिल्ला अजून डब्यात पडला असेल. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. त्याची पत्रकं म्हणजे आपल्या हक्काचाच इतिहास आहे.

आता लांबच्या देशातली एक गोष्ट सांगते. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात जो लबाडी नावाचा एक छापखान्यातला कामगार होता. मजुरांच्या चळवळीत, सरकारच नको म्हणणाऱ्यांच्या मंडळात. त्याची बायको सोफी देवाधर्माची. नवऱ्याचे विचार तिला पटत नसत. पण त्याच्याकडे आलेलं एकेक पत्रक, एकेक चिठ्ठी तिने माळ्यावर नीट ठेवली. १९११ साली ते सगळं मिशिगन विद्यापीठात गेलं. तिथे बरीच वर्षं ते बांधलेलंच पडून होतं. मग अ‍ॅग्नेस इंग्लिस नावाची बाई आली. १९२४ च्या सुमाराला ती कामाला लागली आणि १९५२ साली मरेपर्यंत ते लावत राहिली, त्यात भर घालत राहिली. आज असल्या कागदांचा तो जगातला एक नावाजलेला संग्रह आहे. एका बाईने ठेवलं, दुसरीने लावलं. मतं पटली पाहिजेत असं काही नाही. घरात सासरा एका पक्षाचा आणि दीर दुसऱ्या पक्षाचा असतो, म्हणून आपण एकाचंच ताट वाढतो का?

आता कामाचं बोलू. वही घ्या.

पहिलं, ओळखायचं कसं? पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. इंग्रजी मुलखात १८६७ च्या कायद्याने ते टाकावंच लागे. नाव नसेल तर पत्रक चोरून छापलेलं असू शकतं. साल नसेल तर घाबरू नका. कागदावर नावं कुणाची आहेत, वर्गणी किती, यावरून अंदाज लागतो. निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की आपलं साल येतं. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. कागद उर्दूत असेल तर ‘हे काय, वाचता येत नाही’ म्हणून टाकू नका. गावात उर्दू वाचणारे चाचा, आपा असतात, त्यांना दाखवा.

दुसरं, जपायचं कसं? ओल्या फडक्याने पुसायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने किंवा मलमलीच्या कापडाने धूळ हलकेच काढायची. टाचण्या, पिना गंजतात, त्या सावकाश सोडवायच्या. फाटलं तरी चिकटपट्टी लावायची नाही. काही वर्षांनी तिचा डाग पडतो आणि कागद तिथेच तुटतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, तो कागद परत सुटत नाही. घडी उलगडून, सपाट करून, पांढऱ्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पेटी जमिनीला टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. वाळवी खालून येते. कडुनिंबाचा वाळला पाला वेगळ्या पुरचुंडीत घालून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात पेटी उघडू नका.

तिसरं, फोटो. सावलीत, सपाट जागी, मोबाईलने दोन्ही बाजूंचा फोटो काढा. गटातल्या कॉलेजच्या पोरी हे चांगलं करतात.

चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. एक वेगळी चिठ्ठी लिहून कागदासोबत ठेवा. हा कागद कुणाचा, कोणत्या घरातून, कुणी जपला, त्याबद्दल घरात काय सांगतात. कागदावर पुढाऱ्याचं नाव छापलेलं असतंच. जिने तो तीस वर्षं पातळाच्या घडीत ठेवला, तिचं नाव फक्त तुमच्या चिठ्ठीत येणार आहे. आजी बोलती असेल तर तिचं बोलणं मोबाईलवर भरून घ्या. आज घ्या, उद्यावर टाकू नका. १९४८ साली दहा वर्षांच्या असलेल्या आज्या आता नव्वदीकडे झुकल्या आहेत.

पाचवं, पैशाचं. जुन्या वस्तूंचे व्यापारी गावात येतात. शंभर रुपये देऊन पेटीच उचलतात आणि शहरात दसपट भावाने विकतात. विकणं पाप नाही, घरात अडचण असते. पण रद्दीच्या भावाने देऊ नका, आणि दिलं तरी आधी फोटो ठेवा. कायमचं सुरक्षित हवं असेल तर राज्य सरकारचं पुराभिलेखागार आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्था आहेत, बायकांच्या इतिहासासाठीच १९८८ पासून काम करणारी मुंबईची ‘स्पॅरो’ आहे. देताना पोच लेखी घ्या आणि पोचपावतीत घरातल्या बाईचंही नाव लिहायला लावा.

आणि एक जपून. कागद ज्याच्या घरचा त्याच्याच घरी राहिला पाहिजे. गटाने नोंद करायची, वस्तू ताब्यात घ्यायची नाही. जुन्या भांडणाची, कुणाच्या बदनामीची पत्रकंही निघतील. ती फाडू नका, पण चावडीवर वाचूनही दाखवू नका. घरच्यांना विचारूनच पुढे जा.

गटाचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, सगळं वहीत आहे. तशीच एक दोनशे पानी वही या कागदांसाठी करा. पुढच्या बैठकीत हप्ता भरून झाला की अर्धा तास काढा. प्रत्येकीने घरात सापडलेला एक कागद, किंवा त्याचा फोटो, किंवा नुसती आठवण घेऊन यायचं. अनुक्रमांक, तारीख, कुणाकडचा, कशाबद्दल, एवढ्या चार रकान्यांत नोंद करायची. तालुक्यातल्या दहा गटांनी एवढं केलं तरी वर्षभरात वाशीकडच्या बायांची अशी नोंदवही तयार होईल, जी आज कुठल्याच ग्रंथालयात नाही.

तर घर झाडा, जाळी काढा, घट बसवा. फक्त पेटी रिकामी करताना चुलीकडे हात जायच्या आधी एकदा कागद उलटून बघा. तळाची बारीक ओळ वाचा.