पाणी वाहतंय तोवर

खानावळ, मिसळीचं हॉटेल, पोळीभाजी केंद्र, मिठाईचं दुकान चालवणाऱ्यांशी आज मला बोलायचं आहे, आणि त्यांना गाळे भाड्याने देणाऱ्या मालकांशीही. विषय ड्रेनेजचा. आपल्याकडे चेंबरचं झाकण निघतं ते तुंबल्यावरच. माझं म्हणणं असं, की पाणी नीट वाहत असतानाच ते काढून बघायला हवं.

खानावळीच्या मागचा चेंबर उघडा. वर साबणाच्या वडीसारखा पांढुरका थर दिसेल. सळईने टोचला की तो तुटतो, आणि आत भाताची शितं, चहाचा चोथा, कढीपत्ता, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे अडकलेले सापडतात. हे सगळं तेला-तुपाचं काम. गरम भांड्यातून ओतलेलं तेल मोरीत पातळच असतं. जमिनीखालच्या गार पाइपात गेलं की ते कडेला धरतं. खोबरेल तेल २५ अंशांच्या खाली गोठायला लागतं, वनस्पती तूप तर त्याच्याही आधी. त्यावर बेसन, मैदा बसत जातो आणि चार इंची पाइपाची वाट दोन इंचांवर येते. पाणी तरीही जात असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग एखाद्या रविवारी सकाळी, ऐन गर्दीत, मोरी उलटी येते.

अशा वेळी उकळतं पाणी ओततात. त्याने तेल वितळतं खरं, पण पुढच्या वळणावर जाऊन पुन्हा गोठतं. काही जण अ‍ॅसिड ओततात. ते सिमेंटचे सांधे खातं, आणि मोरीत आधी ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कृपा करून हे करू नका.

यावर खरा उपाय ग्रीस ट्रॅपचा. भांडी घासायच्या सिंकनंतर बसवायची ही टाकी. तिच्यात पाण्याचा वेग मंदावतो, तेल वर तरंगतं, गाळ तळाशी बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून टाकीचा चौथा हिस्सा भरला, की ती उपसायची. चालत्या हॉटेलात ही वेळ लवकर येते, म्हणून वार ठरवून घ्या, आणि काढलेला मळ पुन्हा गटारात सोडू नका. ताटं धुण्याआधी खरकटं पुसून काढलं तर निम्मं काम तिथेच होतं. तळणाचं जुनं तेल डब्यात साठवा. बायोडिझेलसाठी ते विकत घेतलं जातं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात साचलेला चरबीचा गोळा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा निघाला होता. तोही अशाच रोजच्या ओतण्यातून तयार झाला.

आता घरमालकांसाठी. भाडेकरारात लाइटबिलाचा उल्लेख असतो, ड्रेनेजचा नसतो. ग्रीस ट्रॅप कोणी उपसायचा, चेंबर कोणी बघायचा, हे त्यात लिहून घ्या. नाहीतर तुंबल्यावर मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात आणि घाण खालच्या मजल्यावरच्याच्या दारात येते. गच्चीचं पावसाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडलेलं असेल तर पावसाळ्याआधी ते वेगळं करा. रिकाम्या खोलीतून वास येत असेल तर आधी नहाणी ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता. तिथलं पाणी वाळून गेलं, की गटारातल्या वायूला थेट वाट मिळते.

हा वायू मी मुद्दाम शेवटी घेतला. तुंबलेल्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं. खाली उतरलेल्या माणसाला कळायच्या आत तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवली. तरीही गर्दीच्या वेळी, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून, नाक्यावरून कोणाला तरी पाचशे रुपयांवर बोलावलं जातं. तुमच्या दारात ही वेळ आलीच, तर जेटिंग मशीन असलेल्यालाच बोलवा, आणि ते येईपर्यंत शटर खाली ओढून ठेवा.