घर, संगणक आणि आपल्या लेकी



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी धर्मगुरूने संगणकाविषयी बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु आपल्या कोपरगावी १९८३ साली संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि गोदाकाठच्या मुलींस ही विद्या घराजवळ मिळू लागली. मुली शिकतात, पुण्यास नोकरीस लागतात. आणि पहिले मूल झाले की कित्येकींची नोकरी कायमची सुटते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी अशीच एक कन्या तान्हे मूल घेऊन मजकडे सल्ला विचारावयास आली. कचेरीने घरून काम करण्याची मुभा दिली होती; सासरची मंडळी मात्र राजी नव्हती. "आधी लेकरू, बाई," एवढे बोलून मी तिची बोळवण केली. तिच्या पतीस एका शब्दाने विचारले नाही. स्त्रीला आपल्या उन्नतीसाठी मातृत्वाचा त्याग करावा लागू नये, अशीच कामाची रचना असावी, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या श्रमविषयक परिपत्रकात सांगितले आहे. सेमिनरीत मी ते वाचले होते. त्या सायंकाळी मात्र आठवले नाही.

आणि हे अशक्य थोडेच आहे? नाझींच्या छळातून १९३९ साली इंग्लंडात आलेली स्टेफनी शर्ली ही निर्वासित मुलगी. तिने १९६२ साली मुलाबाळांच्या आयांकडून घरबसल्या संगणकाच्या आज्ञावली लिहवून घेण्याचा व्यवसाय काढिला. स्त्रीचे नाव पाहून कोणी उत्तर देईना, तेव्हा ती 'स्टीव्ह' अशी सही करू लागली! काँकॉर्ड विमानाच्या नोंदयंत्राचे काम याच स्त्रियांनी केले. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची केली, आणि रजेनंतर उभयतांच्या संमतीने घरून काम करण्याचा मार्गही खुला केला.

तथापि, घरून काम म्हणजे चूल सांभाळून उरल्या वेळचे काम नव्हे. दार लोटून बसलेल्या सुनेस पाहुण्यांच्या चहासाठी चारदा हाक मारावयाची, आणि मग तिला बढती का मिळत नाही म्हणून विचारावयाचे, हा न्याय कोणता? पुरुषमंडळींनो, चहा आपणांसही करता येतो.

त्या कन्येने आता पुन्हा अभ्यास आरंभिला आहे. रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिचा पती लेकरास घेऊन आवारात बसतो, आणि ती दोन तास आमच्या सभागृहात पुस्तक उघडते. सभागृहाची किल्ली मजपाशी असते; आणखी कोणा भगिनीस हवी असल्यास तिने निःसंकोच मागून न्यावी.