दुसरी खुर्ची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९९८ सालची गोष्ट. घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत एका खोलीत मी एकटा राहत होतो. नोकरी बरी होती, हातात पैसे खेळत होते. त्या पैशांतून मी दोन मोठ्या स्पीकरचा म्युझिक सिस्टीम घेतला होता, भिंतीवर मोटारसायकलचं भलंमोठं पोस्टर लावलं होतं आणि कोपऱ्यात एक लाल दिवा टांगला होता. आपलं घर एकदम झकास, मर्दानी आहे, असा माझा समज होता.

एके दिवशी कराडहून अण्णा, म्हणजे माझे वडील आले. रात्रभर एसटीत बसून पहाटे चेंबूरला मैत्री पार्कच्या थांब्यावर उतरले. मी त्यांना घरी आणलं. दारातून आत आल्यावर त्यांनी टोपी काढली आणि ती अडकवायला खुंटी शोधली. खुंटी नव्हती. बसायला जागा शोधली. खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर माझे आठवड्याचे कपडे होते. अण्णा पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. खिडकीला पडदा नव्हता, त्यामुळे दुपारी उन्हाच्या तिरिपेत त्यांना डोळा लागला नाही. चार दिवसांसाठी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बरं आहे की रे."

पुढे दिवाळीला गावी गेलो तेव्हा आईकडून खरं काय ते कळलं. अण्णा तिला म्हणाले होते, "पोरगा अजून स्टेशनावर उतरल्यासारखाच राहतोय."

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. बोरिवलीत त्याने भाड्याने वन रूम किचन घेतलंय. अठ्ठावीस वर्षांचा आहे. मला म्हणाला, "काका, घर स्टायलिश दिसलं पाहिजे, पुरुषाचं वाटलं पाहिजे आणि साठ हजारांच्या वर एक रुपया नाही." त्याच्या मोबाइलवर चित्रं होती. काळ्या भिंती, चामड्याचा सोफा, करडा गालिचा. चित्रं छान होती. पण ती बोरिवलीची नव्हती.

मुंबईत एकट्या पुरुषाने राहणं ही काही नवी गोष्ट नाही. गिरणगावातल्या चाळींत एकेका गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा चाकरमानी राहत. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवायला खानावळ. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या पुरुषांचं खरं घर गावाकडे होतं. मुंबईतली जागा फक्त पाठ टेकायला.

गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, पण ती सवय आपल्या हाडात राहिली. अंधेरीत तीस-पस्तीस हजार भाडं भरणारा मुलगाही मनाने वळकटीवरच राहतो. करार अकरा महिन्यांचा, कशाला खर्च करायचा? आई येईल तेव्हा लावून जाईल. लग्न झालं की बायको बघेल. म्हणजे घर लावणं हे कुठल्या तरी बाईचं काम आणि ती येईपर्यंत आपण फलाटावर! माझ्या मते सडाफटिंगाच्या घराचं दुखणं पैशाचं नाही, या वाट बघण्याचं आहे.

आता कामाचं बोलू. भाड्याच्या घरात पहिली गोष्ट म्हणजे कागद. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. भिंतीला भोक पाडायचं की नाही, रंग बदलायचा की नाही, हे आधीच विचारून त्यात लिहून घ्या. घर सोडताना अनामत रकमेवरून होणारी अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरी गोष्ट पावसाची. मुंबईचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. त्या भिंतींना कपाट चिकटवू नका. चार बोटं जागा सोडा, हवा खेळू द्या. चामड्याचा किंवा रेक्झिनचा सोफा चित्रात रुबाबदार दिसतो, पण जुलैमध्ये बंद घरात त्याच्यावर पांढरी बुरशी येते. काळ्या भिंतीचंही तसंच. साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात, समोरची इमारत वीस फुटांवर असताना, आहे तो उजेडही ती गिळून टाकते. गडद रंग हवाच असेल तर एकाच भिंतीला द्या, खिडकीतून उजेड जिच्यावर पडतो त्या.

तिसरी गोष्ट लाकडाची. स्वस्त नवं फर्निचर बहुतेक भुशाच्या दाबलेल्या फळीचं असतं. कडेची पट्टी निघाली आणि पाणी लागलं की ती फळी पावासारखी फुगते. सुताराकडून करून घ्यायचं असेल तर प्लायवूडवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ म्हणजे साधं, घरातल्या कोरड्या जागेचं. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं. ओट्याखाली आणि मोरीजवळ दुसरं, बाकी ठिकाणी पहिलं पुरतं. सगळीकडे मरीन वापरणं म्हणजे उगाच पैसे घालवणं.

पण माझा सल्ला विचाराल तर जुनं घ्या. आज बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारती धडाधड पुनर्विकासाला जात आहेत. इमारत रिकामी करायची तारीख आली की लोकांना प्रश्न पडतो, आजोबांचं सागवानी टेबल न्यायचं कुठे? तात्पुरत्या भाड्याच्या जागेत ते मावत नाही. मग ते भंगारवाल्याकडे जातं. ओळखीच्या सोसायट्यांत आधीच विचारून ठेवा. मालकाला चार पैसे मिळतात आणि वस्तू चांगल्या हातात गेल्याचं समाधानही मिळतं.

बाजारात जायचं तर जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. मेट्रोचं ओशिवरा स्टेशन झाल्यापासून बोरिवलीहून जाणं सोपं झालंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि बरेच गाळे जळाले. तरी जुन्या लाकडासाठी लोक तिकडेच वळतात. दक्षिणेला चोर बाजारची मटण स्ट्रीट आहेच. जाताना तीन गोष्टी खिशात ठेवा : मोजपट्टी, टॉर्च आणि घरच्या लिफ्टचं माप. तिसऱ्या गोष्टीवाचून फसलेले लोक मी पाहिलेत. सहाव्या मजल्यावर जिन्याने कपाट चढवताना हमाल जे बोलतात, ते रेडिओवर सांगता येत नाही.

लाकूड बघताना खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याचा तळ पाहा. वर सागवानाचं पॉलिश आणि खाली पॅकिंगची फळी असा मामला तिथेच उघडा पडतो. बोटाने ठोका. पोकळ आवाज आला, बारीक भुसा पडला, तर कीड आहे, सोडून द्या. आणि जुनी गादी, जुना सोफा कधीच घेऊ नका. ढेकूण फुकट मिळतात, पण जायचे पैसे घेतात.

लोखंडी कपाटाला लोक नाकं मुरडतात. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि आपल्याकडे 'गोदरेजचं कपाट' हा शब्दच होऊन बसला. घाटकोपरहून मुलुंडला जाताना विक्रोळीला त्यांच्या वसाहतीची झाडी दिसते. असं जुनं कपाट घ्या, गाड्यांना रंग मारणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन गडद हिरवा किंवा काळसर निळा, चकाकी नसलेला रंग मारून घ्या. त्या खोलीत दुसरं काही पुरुषी लागणार नाही.

आता उजेड. छताच्या मधोमध एक पांढरी ट्यूबलाइट, हा आपला राष्ट्रीय रिवाज आहे. त्या उजेडात ताजमहालसुद्धा रेल्वेच्या तिकीटघरासारखा दिसेल. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ओट्यावर पांढरा ठेवा. बसायच्या आणि झोपायच्या जागी डोळ्यांच्या उंचीखाली दोन पिवळसर दिवे लावा. एवढ्या कमी पैशांत घराचं रूप इतकं पालटणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

गालिचाऐवजी जमिनीवर घोंगडी टाका. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी-तपकिरी, राकट. तिला कसर लागते, म्हणून अधूनमधून ऊन दाखवा आणि घडी करून ठेवाल तेव्हा कडुलिंबाचा पाला घाला. पलंगावर सोलापुरी चादर. पडद्याला जाड खादी. आपल्याच मातीतल्या या वस्तू साध्या, टिकाऊ आणि भडकपणा नसलेल्या आहेत. पुरुषी म्हणायचं ते आणखी काय असतं?

पुतण्याच्या साठ हजारांचा हिशेब असा झाला. गादी १५ हजार, कारण पाठीशी काटकसर करायची नसते. लोखंडी कपाट रंगासकट ८ हजार. टेबल आणि दोन जुन्या खुर्च्या, दुरुस्तीसह, १२ हजार. पडदे, चादरी, घोंगडी ८ हजार. दिवे आणि वायरमन ४ हजार. टेम्पो आणि हमाली ५ हजार, जी बहुतेक लोक धरतच नाहीत. उरलेले ८ हजार हातात ठेवले. घरात दोन महिने राहिल्याशिवाय आपल्याला काय हवंय ते कळत नाही.

यादीत दोन खुर्च्या बघून तो म्हणाला, "काका, मी एकटाच तर आहे." तेव्हा मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली.

त्या दिवाळीनंतर मी घाटकोपरलाच एका मोडीत निघालेल्या कचेरीतून सागवानी, वेताची खुर्ची आणली. तशाच लाकूड-वेताच्या खुर्च्या पिएर जानरे या वास्तुकाराने १९५०च्या दशकात चंदिगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी घडवल्या. पुढे त्या भंगारात गेल्या आणि आता परदेशातल्या लिलावांत लाखांना विकल्या जातात. माझी खुर्ची तसली नव्हती, साधी कारकुनी होती. वेत फाटलेला होता. एका दृष्टिहीन कारागिराने तो नव्याने विणून दिला. नुसत्या बोटांनी चाचपत त्याने एकही घर चुकवलं नाही. मी दोन रविवार पॉलिश पेपर घासला. खिडकीला पडदा लावला. दाराजवळ पितळी खुंटी ठोकली. पोस्टर मात्र काढलं नाही.

२००१ च्या उन्हाळ्यात अण्णा परत आले. टोपी खुंटीला लावली, खुर्चीत बसले, पोस्टरकडे बघून म्हणाले, "ही गाडी किती मायलेज देते रे?" आठ दिवस राहिले. संध्याकाळी मी कामावरून यायचो तेव्हा त्या खुर्चीत बसून ते पेपर वाचत असायचे आणि चहा टाकायला उठायचे. आम्ही दोघे आयुष्यात जितकं बोललो, त्यातलं बरंचसं त्या आठ दिवसांत बोललो. त्यानंतर मुंबईला येणं त्यांना झेपलं नाही.

गेल्या महिन्यात ती खुर्ची मी टेम्पोत घालून बोरिवलीला पाठवली. पुतण्याच्या हिशेबात ती नाही, ती तिसरी आहे. तो म्हणतो जागा नाही. मी म्हटलं, बघ, होईल.